सूर्य मावळण्याआधी

रविवारची सकाळ. वसईतील एका घरात मिस्सेला निघण्याची धांदल चालली आहे. धाकट्या मुलाचा एक बूट सापडत नाही. वडील एकदा हाक मारतात, दुसऱ्यांदा आवाज चढतो आणि तिसऱ्यांदा तोंडातून जे शब्द बाहेर पडतात, त्यांचा बुटाशी काही संबंध उरलेला नसतो. त्यात मुलाचा आळस येतो, आईने केलेले लाड येतात आणि 'तुझ्याकडून आयुष्यात काही होणार नाही' हे भाकीतही येते. बूट पलंगाखाली सापडतो. सारे कुटुंब मुकाट्याने चर्चला पोहोचते. मिस्सेत शांतिदानाची वेळ येते. वडील हात जोडून उजवीकडच्या शेजाऱ्याला शांती देतात, मागच्या बाकावरील वृद्ध मावशींना देतात आणि शेवटी मुलाकडे वळतात. मुलगाही हात जोडतो, पण त्याची नजर फरशीवर खिळलेली असते.

वाचकहो, हे चित्र कोणा एकाच घराचे नाही. आपण कोणत्याही धर्माचे असा, देवघरासमोर हात जोडण्यापूर्वी पाचच मिनिटे आधी कोणावर तरी कडाडलो होतो, ही आठवण आपल्यापैकी बहुतेकांपाशी असेल. प्रार्थना करणाऱ्या माणसाला राग येतोच. प्रश्न असा आहे, की तो राग घेऊन आपण प्रार्थनेला जातो, की तो उंबऱ्याबाहेर लपवून ठेवतो? आजच्या लेखात ख्रिस्ती श्रद्धेच्या वाटेने या प्रश्नाचा विचार करू.

शरीरात काय घडते?

राग ही प्रथम शरीराची घटना आहे. अपमान किंवा धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग सावध होतो. अॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठरतात. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढील भाग या गडबडीत मागे पडतो. म्हणूनच रागात उच्चारलेले शब्द नंतर आपले आपल्यालाच परके वाटतात. रागाच्या तीव्र उद्रेकानंतरच्या सुमारे दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते, असे संशोधनांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले आहे. ज्यांना आधीपासून हृदयरोग आहे, त्यांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी.

मग राग गिळावा का? अनेक धार्मिक घरांत हेच शिकवले जाते: राग म्हणजे पाप, तेव्हा तो दाखवू नये. पण गिळलेला राग पचत नाही. तो अबोल्यात, टोमण्यांत, भांड्यांच्या आदळआपटीत बाहेर येतो. याउलट, राग मोकळेपणाने ओकून टाकावा म्हणजे मन हलके होते, असाही एक समज आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवले त्याला आठवत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग शमण्याऐवजी वाढलेला आढळला. गुरे जसा चारा पुन्हा पुन्हा चघळतात, तसा अपमानाचा रवंथ चालू राहिला की राग ताजाच राहतो. थोडक्यात, गिळणे आणि ओकणे हे दोन्ही मार्ग आपल्याला फार दूर नेत नाहीत.

देवाने विचारलेला प्रश्न

बायबलमध्ये रागावलेल्या माणसांच्या दोन कथा शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचे अर्पण स्वीकारले जात नाही, त्याचा भाऊ हाबेल याचे मात्र स्वीकारले जाते. काइन संतापतो. देव त्याला शिक्षा करत नाही. तू का संतापला आहेस, असे विचारतो आणि पाप दाराशी टपून बसले आहे, असा इशारा देतो. काइन या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो भावाला घेऊन शेतात जातो आणि तेथे त्याचा जीव घेतो.

दुसरी कथा योना संदेष्ट्याची. निनवे नगराचा नाश होणार, अशी घोषणा त्याने केली होती. लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने त्यांना वाचवले. योना याच दयेवर संतापतो. देव त्यालाही विचारतो, हा तुझा राग योग्य आहे का? पहिल्यांदा योना गप्प राहतो. सावली देणारे झाड वाळल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा मात्र तो फटकन उत्तर देतो: होय, मरेपर्यंत रागावणे योग्यच आहे! हे उत्तर उद्धट आहे, पण ते उत्तर आहे. संवाद तुटत नाही. देव समजावत राहतो आणि ते पुस्तक देवाच्याच एका प्रश्नाने संपते.

जो गप्प राहिला, त्याचा हात उठला. जो देवाशीच भांडला, त्याच्या हातून कोणाला इजा झाली नाही. रागाच्या वेळी प्रार्थनेचे काम काय, याचे उत्तर मला या दोन कथांत सापडते. आपला राग, जसा आहे तसा, अशा कोणापाशी नेणे, की जो त्याने घायाळ होणार नाही आणि जो आपल्याला 'का?' असे विचारल्याशिवाय राहणार नाही.

स्तोत्रसंहितेतील कित्येक स्तोत्रे अशीच आहेत. त्यांत तक्रार आहे, जाब आहे, शत्रूचे वाईट व्हावे अशी उघड इच्छाही आहे. शतकानुशतके भक्तांनी ती प्रार्थना म्हणून जपली, कारण सूडाची इच्छा देवापाशी बोलून दाखवणे आणि ती स्वतःच्या हातांनी पुरी करणे यांत फार मोठे अंतर आहे. स्वतः येशू रागावला, अशीही नोंद मार्काच्या शुभवर्तमानात आहे: शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करण्यास आक्षेप घेणाऱ्यांकडे त्याने रागाने आणि त्याचबरोबर दुःखाने पाहिले. त्या रागातून एका माणसाचा हात बरा झाला. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात राग येणे आणि पाप करणे यांत भेद केला आहे, आणि रागाला मुदतही घालून दिली आहे, सूर्यास्ताची. अपमानाच्या रवंथाविषयी वर जे म्हटले, ते आठवले की या मुदतीतील शहाणपण ध्यानात येते.

चार सवयी

आता प्रत्यक्ष घरात काय करता येईल ते पाहू.

पहिली सवय श्वासाची. राग चढू लागला की कोणतीही छोटी, पाठ असलेली प्रार्थना श्वासाच्या लयीत सावकाश म्हणावी. प्रभूच्या प्रार्थनेतील एखादी विनवणी किंवा नुसते प्रभूचे नाव. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना लॅटिनमधील जपमाळ आणि एक योगमंत्र म्हणण्यास सांगितले. दोन्हींमुळे श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. वसईच्या घरांत संध्याकाळी रोझरी म्हणताना अर्धी प्रार्थना एकाने आणि उरलेली अर्धी इतरांनी म्हणण्याची रीत आहे. त्या रीतीत थांबणे आपोआप येते. श्वास संथ झाल्याने राग सुटत नाही, पण बोलण्यापूर्वी विचार करण्याइतकी उसंत मिळते.

दुसरी सवय खरे बोलण्याची. शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत जावे आणि देवापाशी रागाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. 'प्रभो, मला शांती दे' असे लगेच म्हणू नये; आधी 'प्रभो, मी चिडलो आहे' असे म्हणावे. मग 'का?' हा प्रश्न स्वतःला ऐकू येऊ द्यावा. वर सांगितलेल्या वडिलांनी तो ऐकला असता, तर कदाचित उत्तर आले असते: बुटाचे काही नाही, उशिरा आत शिरताना सारे वळून पाहतील, याची मला लाज वाटते. रागाच्या पोटात बहुधा लाज, भीती, थकवा किंवा जुनी दुखापत दडलेली असते. ती सापडली की समोरचे मूल शत्रू वाटेनासे होते.

तिसरी सवय सर्वांत कठीण: ज्याने दुखावले, त्याच्यासाठी प्रार्थना. येशूने डोंगरावरील प्रवचनात छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. बुशमन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुद्दाम अपमान केलेल्या व्यक्तींपैकी काहींना दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्यास आणि काहींना त्याच्याविषयी नुसता विचार करण्यास सांगितले गेले. प्रार्थना करणाऱ्यांचा राग आणि आक्रमकता कमी आढळली. मात्र 'प्रभो, माझ्या सासूबाईंना सद्बुद्धी दे' ही प्रार्थना नव्हे; ती देवाच्या कानी घातलेली चहाडी झाली! 'त्यांचे गुडघे फार दुखतात, त्यांना आज झोप लागू दे' ही प्रार्थना.

चौथी सवय सूर्यास्ताची. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचे अवलोकन करण्याची एक प्रार्थना शिकवली. तिच्या पाच पायऱ्या आहेत: दिवसाबद्दल आभार मानणे, स्वतःला पाहण्यासाठी प्रकाश मागणे, दिवस तासातासाने आठवणे, चुकांची क्षमा मागणे आणि उद्याचा निश्चय करणे. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे यासाठी पुरतात. आज कोठे भडकलो, त्याआधी उपाशी होतो का, दमलो होतो का, हे पाहू लागलो की महिनाभरात आपल्या रागाचे वेळापत्रक आपल्याला कळू लागते.

प्रार्थना कोठे थांबते?

श्रद्धेने स्वभाव एका रात्रीत पालटतो, अशी आशा धरू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याएवढा भक्त कवी मराठी ख्रिस्ती समाजात विरळा. तरी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांचा शीघ्रकोपीपणा झाकून ठेवलेला नाही. विनोदाने, प्रेमाने, पण स्पष्टपणे त्यांनी तो लिहिला. भक्ती आणि तापटपणा एकाच छताखाली नांदू शकतात, हे मान्य केल्यावरच सुधारणेला आरंभ होतो.

प्रार्थना ही माफी मागण्याची पळवाटही होऊ नये. आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करावा, असे येशूने सांगितले. म्हणजे देवापाशी क्षमा मागून झाल्यावरही मुलाकडे जाणे उरतेच.

आणि क्षमा म्हणजे अन्याय मुकाट सोसणे नव्हे. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप व टिमोथी हे दोन मुलगे यांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या. तरीही खटला चालला, न्यायालयाने आपले काम केले. क्षमेने त्यांचे मन द्वेषातून सुटले. न्यायाची जबाबदारी कायद्याकडेच राहिली.

म्हणून ज्या घरात रागाचे रूपांतर मारहाणीत होते, तेथे मार खाणाऱ्या व्यक्तीला 'प्रार्थना कर आणि सहन कर' असा सल्ला देणे हे श्रद्धेच्या नावाखाली केलेले क्रौर्य आहे. अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर संपर्क साधावा. राग वारंवार अनावर होत असेल, दारू किंवा निद्रानाश त्याच्या जोडीला असेल, तर समुपदेशक वा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. मधुमेहाची गोळी घेताना आपण असा विचार करत नाही.

आता पुन्हा त्या रविवारकडे वळू. मिस्सा संपली आहे, दुपारचे जेवण झाले आहे, मुलगा ओट्यावर एकटाच बसला आहे. सूर्यास्ताला अजून अवकाश आहे. वडिलांना फार मोठे भाषण करायचे नाही. त्याच्या शेजारी बसून एवढेच म्हणायचे आहे: 'सकाळी मी तुला जे बोललो, ते खरे नव्हते. मला उशिराची लाज वाटत होती, आणि राग तुझ्यावर काढला. माझे चुकले.' मुलगा कदाचित काहीच बोलणार नाही. पण मोठी माणसेही चुकतात आणि चूक कबूल केल्याने लहान होत नाहीत, हे तो त्या क्षणी शिकेल. सकाळी चर्चमध्ये जोडलेल्या हातांना तेव्हा खरा अर्थ येईल.

वाचकहो, आपल्या घरात आज असा कोणी नजर खाली घालून बसला आहे का? असेल, तर हा अंक मिटून ठेवा आणि त्याच्याकडे जा. अजून उजेड आहे.