बैठकीची अदा

नृत्य म्हटले की आपली दृष्टी स्वाभाविकपणे पावलांकडे आणि घुंगरांकडे वळते. परंतु बैठकीच्या लावणीत कलावंतीण एका जागी बसलेली असते, आणि तरीही तबला-पेटीच्या साथीवर तीच एक ओळ पुनःपुन्हा घेताना, कधी भुवई किंचित उंचावून, कधी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळून, तर कधी नजर अर्ध्यावरच थांबवून, ती त्या ओळीतून रुसवा, आर्जव, असूया आणि विरह असे निरनिराळे भाव उलगडीत जाते. हीच तिची अदाकारी. फडावर ढोलकीच्या थापेसरशी जे पदन्यासाने साधते, ते येथे केवळ मुद्रेने आणि हस्ताने साधावे लागते.

उत्तर पेशवाईतील राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर या लावणीकार शाहिरांची कीर्ती वाङ्मयाच्या इतिहासात यथोचित नोंदली गेली. मात्र त्यांच्या शब्दांना देह देणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला बिदागी आली तरी प्रतिष्ठा क्वचितच आली. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकर यांना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री लाभली, तेव्हा त्या दीर्घ उपेक्षेची अल्पशी भरपाई झाली, एवढेच म्हणता येईल.

कलेला सनद देऊन कलावंतिणीला उंबऱ्याबाहेर ठेवणे हा समाजाचा अन्याय आहे. प्रस्तुत नृत्यविशेषांक वाचताना वाचकांनी त्या कलेबरोबर त्या जीविताकडेही आदराने पाहावे, ही आमची मनःपूर्वक विनंती.