एका जोड्यासाठी

गेल्या नाताळच्या मध्यरात्री मिस्सा सुरू होण्यापूर्वी आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर नेहमीप्रमाणे पायताणांची रास पडली होती. आमच्याकडे देवळात सतरंजीवर बसण्याची रीत आहे; त्यामुळे चपला-बूट बाहेरच राहतात. रबरी सपाता, अंगठा तुटल्यावर सुतळीने बांधलेल्या चपला, शाळेचे झिजलेले काळे बूट, असे सारे तेथे होते. त्या राशीपासून हातभर दूर, भिंतीला टेकवून, एक पांढराशुभ्र जोड ठेवला होता. तो आमच्या वसतिगृहातील दहावीच्या एका मुलाचा होता. मुलगा दाराला लागून बसला आणि प्रवचनापासून कम्युनियनपर्यंत त्याची नजर गव्हाणीकडे कमी व दाराबाहेर अधिक होती. मिस्सा संपल्यावर आम्हीच त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "झकास बूट आहेत रे!" त्या शब्दांची आज आम्हांला लाज वाटते.

त्या जोडाची किंमत आठ हजार रुपये होती. त्या रात्री मुलाचे आईवडील कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या फडाशेजारी कोपीत होते. दिवाळीआधी टोळीत नाव घालताना वडिलांनी मुकादमाकडून ठरल्यापेक्षा आठ हजारांची जादा उचल घेतली होती. "चार पोरांत त्याची मान खाली जाऊ नये म्हून घेतली, फादर," असे ते आम्हांला मागाहून म्हणाले. जादा उचल म्हणजे जादा फेड. दर वर्षी आजीपाशी राहून शाळेत जाणारी त्यांची बारा वर्षांची मुलगी या वर्षी फडावर नेली गेली. तिने तान्ह्या भावाला सांभाळावे, म्हणजे आईचा कोयता थांबणार नाही, असा हिशोब होता. ती सातवीत होती. टोळी परतली तेव्हा शाळेचे पाच महिने बुडाले होते. नियमाने ती आठवीच्या वर्गात बसेलही. पण जे शिकलीच नाही ते तिला कोण देणार?

आम्ही मुलाला बोलावून हे सांगितले. तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही, फादर." हा लेख आम्ही लिहितो आहोत तो या एका वाक्यामुळे.

प्रथम हिशोब मांडू, कारण हिशोब लपवण्यातूनच हे सारे घडले. जानेवारी 2024 मधील करारानुसार ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि तो टनामागे सुमारे 366 रुपयांवर आला. त्या दराने आठ हजार रुपये फेडण्यासाठी जवळजवळ 22 टन ऊस तोडावा लागतो. नवराबायकोचा एक कोयता दिवसभर राबून दीड ते दोन टन तोडतो. म्हणजे दोन माणसांचे अकरा ते पंधरा दिवस, पहाटेच्या दवात पाचटावरून चालत, डोक्यावर मोळ्या वाहत, एका जोडात गेले. आणि ज्या आईने ते दिवस दिले तिच्या पायांत, तिनेच सांगितल्याप्रमाणे, प्लास्टिकची चप्पल होती. उसाचे खुंट तिच्यातून आरपार लागतात.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात आमोस नावाचा एक मेंढपाळ इस्राएलच्या श्रीमंतांपुढे उभा राहिला. गरजवंताला एका पायताणाच्या जोडासाठी विकले जाते, हा त्याच्या आरोपपत्रातील एक आरोप होता. आणि तो त्याने एकदा नव्हे, दोनदा केला. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही हे वचन कित्येक वर्षे शिकवले आणि त्याला अलंकारिक समजत आलो. आता मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून दर वर्षी फडावर जाणाऱ्या गाड्या पाहताना आम्हांला त्यात अलंकार दिसत नाही. एक जोड आला आणि एक मुलगी शाळेतून गेली. विकणारा कोणी दुष्ट नव्हता, ही यातील सर्वांत मोठी वेदना आहे. प्रेमानेच हा व्यवहार केला.

या विषयावर आमच्या समाजात दोन पक्ष आहेत. आमचे भांडण दोघांशीही आहे.

पहिला पक्ष म्हणतो, "आम्हांला मिळाले नाही, ते पोराला तरी मिळू दे." या बोलण्यामागील जखम आम्ही जाणतो. मराठवाड्यातील आमचे बहुसंख्य बांधव अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून ख्रिस्तसभेत आले. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना जोडा पायांतून काढून हातांत धरावा लागे, ही आठवण आमच्या वृद्धांच्या ओठांवर अजून आहे. माणसाची पायरी दाखवण्यासाठी आपल्या भाषेने म्हणसुद्धा घडवली: पायीची वहाण पायीच बरी. ज्यांच्या आजोबांना पायांत वहाण घालून वेशीतून जाता आले नाही, त्यांच्या नातवाने बुटांसाठी हट्ट धरला तर त्याला केवळ चैन म्हणून हसणे हा कोडगेपणा आहे. तो मुलगा मान मागत असतो. परंतु, बंधूंनो, मान उचलीवर मिळत नाही. ज्या जोडासाठी बाप पुन्हा मुकादमाच्या दारात उभा राहिला, त्या जोडाने आजोबांचा अपमान पुसला की नव्याने लिहिला? पूर्वी वाड्यासमोर वाकावे लागे. आता मुकादमासमोर वाकतो, एवढाच फरक. पोराची मान चार पोरांत वर राहावी म्हणून बापाने आपली मान गहाण टाकली, हा सन्मानाचा व्यवहार नव्हे.

दुसरा पक्ष जुन्या जाणत्यांचा आहे, आणि त्यात आमच्यासारखे धर्मगुरूही पुष्कळ आहेत. "आम्ही अनवाणी शाळेत गेलो, आमचे काही बिघडले का?" असे हे लोक विचारतात. बिघडले, असे आमचे उत्तर आहे. पायांत काटे मोडले, उन्हाळ्यात तळपाय पोळले, आणि वर्गात मागे बसण्याची सवय जडली. अनवाणीपण ही आपली साधना नव्हती. ती आपल्यावर लादलेली गोष्ट होती. तिला आता सद्गुणाचे नाव देऊन मुलांच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा आठवा. मुलगा परत येतो तेव्हा बाप त्याच्या अंगावर उत्तम झगा, बोटांत अंगठी आणि पायांत पायताण घालायला सांगतो. त्या काळी अनवाणी असत ते दास. घरच्या पुत्राच्या पायांत जोडा असे. मुलाने स्वतःला चाकर म्हणवून घेण्याची तयारी ठेवली होती. बापाने त्याला जोडा देऊन पुत्र ठरवले. जी ख्रिस्तसभा हे शुभवर्तमान वाचते, तिने गरिबाच्या मुलाला पायताण तुच्छ मानण्याचा उपदेश करू नये. चांगला, टिकाऊ, पायाला न लागणारा बूट हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. तो देणे हे आईबापाचे कर्तव्य आहे, आणि त्यांना ते झेपत नसेल तेथे धर्मग्रामाचे आहे.

मग आठ हजारांच्या जोडात एवढे महाग काय असते? याचे उत्तर आपल्याच राज्याने जगाला नुकतेच दाखवून दिले. 2025 च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या घराण्याने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात एक चामडी चप्पल मांडली. ती पाहताच कोल्हापूरच्या कारागिरांनी आपली चप्पल ओळखली. प्रदर्शनात मात्र कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या शिवली जाणारी ही चप्पल आपल्या बाजारात काही शे ते हजार-दोन हजार रुपयांना मिळते. गदारोळ झाल्यावर त्या घराण्याने हे ऋण मान्य केले आणि डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून 2,000 जोड बनवण्याचे जाहीर केले. त्यांची किंमत जोडीमागे सुमारे 800 युरो, म्हणजे आपल्या पाऊण लाखाहून अधिक, सांगण्यात आली. चामडे तेच, टाके तसेच, हातही आमच्याच चर्मकार बंधूंचे. वाढले ते नाव. ज्या हातांना गावाने शिवू दिले नाही, त्यांची कारागिरी मिलानच्या नावाखाली मिरवू लागताच अनमोल ठरली. हे एकदा मुलांना नीट समजावून सांगावे. जाहिरातीचा बुरखा आमच्या दहा प्रवचनांनी फाटणार नाही, तो या एका उदाहरणाने फाटेल.

मिलान म्हटले की आणखी एका मुलाचे स्मरण होते. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्याला संत घोषित केले, तो कार्लो अक्युतिस त्याच शहरात वाढला आणि 12 ऑक्टोबर 2006 रोजी, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने वारला. असिसीच्या ज्या देवळात त्याचे शरीर ठेवले आहे, ते देऊळ संत फ्रान्सिसने आपल्या कापडव्यापारी बापाला अंगावरची वस्त्रे परत केली त्या प्रसंगाच्या स्मृतीचे आहे. तेथे कार्लो जीन्स आणि खेळाचे बूट घालून निजला आहे. आईने बुटांचा दुसरा जोड घ्यायचे म्हटले तेव्हा, एक पुरे, ते पैसे गरिबांना द्या, असे तो म्हणाल्याचे सांगतात. धर्मशिक्षणाच्या पुस्तिकांतून हा प्रसंग आता मुलांना उत्साहाने सांगितला जातो. आमची एक विनंती आहे. ज्या मुलाने दुसरा जोड कधी पाहिलाच नाही, त्याला ही गोष्ट सांगून गप्प बसवू नका. ती गोष्ट आमच्यासाठी आहे. ज्यांच्या कपाटात दुसरा, तिसरा, चौथा जोड आहे त्यांच्यासाठी.

येथे आम्हांला स्वतःच्या घराकडे वळले पाहिजे. आमच्या धर्मग्रामांत प्रथम कम्युनियनच्या दिवशी काय चालते? एका मुलीचा झगा संभाजीनगरहून शिवून येतो आणि दुसरीचा मावशीकडून मागून आणतात. छायाचित्रकार कोणाला पुढे उभे करतो? लग्नात कर्ज काढून मंडप आणि डीजे लावणारे लोक आमच्या पंचमंडळांत बसतात. सणाच्या वर्गणीची यादी मोठ्या आकड्यापासून सुरू करून ध्वनिक्षेपकावरून वाचली जाते, आणि ती वाचणारे आम्हीच असतो. हे सारे पाहत वाढलेला मुलगा पंधराव्या वर्षी "मलाही हवे" म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला संत फ्रान्सिसची गोष्ट सांगतो! त्याने आमच्याकडूनच शिकलेला धडा आमच्यापुढे म्हणून दाखवला, एवढाच त्याचा अपराध. नाताळच्या रात्री आमच्या तोंडून निघालेले "झकास" हा त्याच धड्याचा एक भाग होता. शेजारच्या सुतळीच्या चपलेला आम्ही काहीच म्हणालो नव्हतो, आणि तिच्या मालकाने ते ऐकले होते.

मग आईबापांनी काय करावे? नाही म्हणावे. कर्ज काढून, उचल घेऊन, हप्त्यावर किंवा धाकट्याच्या वाट्याचे काढून कोणताही जोड घेऊ नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. परंतु त्या नकाराला वजन हवे, आणि ते दोन गोष्टींनी येते.

पहिली गोष्ट म्हणजे घरची वही मुलापुढे उघडावी. उचल किती, फेड किती, किराणा किती, बहिणीच्या शाळेचे किती, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कळते. त्याला गरिबीची झळ लागू नये म्हणून आपण हिशोब लपवतो. त्यामुळे तो गरीब राहतोच, वर अजाणही राहतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरूण केवढे आहे ते मुलाला दाखवले कधी? सरकारनेसुद्धा 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडावर 5 टक्के आणि त्यापुढच्या जोडावर 18 टक्के कर लावून गरज कोठे संपते याची एक रेघ ओढली आहे. प्रत्येक घराची रेघ वेगळी असेल. ती मुलासह बसून ओढावी.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. जी रेघ मुलासाठी, तीच आपल्यासाठी. बापाचा मोबाइल, आईची लग्नातली साडी, धर्मगुरूची मोटरसायकल, देवळाचा सण, या सर्वांना ती लागू झाली तरच मुलाला आपला नकार न्यायाचा वाटेल. नाहीतर तो त्याला केवळ दुबळ्यावर चालवलेला अधिकार वाटेल, आणि ते खोटेही नसेल.

आमच्यापुरते सांगायचे तर या वर्षीपासून आमच्या धर्मग्रामात प्रथम कम्युनियनचे सारे झगे धर्मग्रामच शिवून देणार आहे, एकाच कापडाचे. आणि वर्गणीची यादी वाचली जाणार नाही. यामुळे काही मंडळी रुसली आहेत. त्यांनी खुशाल रुसावे.

त्या मुलाने बूट विकायला काढले होते. वापरलेल्या जोडाला बाजारात जेमतेम चौथाई किंमत येत होती. तेव्हा आम्ही त्याला ते घालायलाच सांगितले. ते फार महागात पडले आहेत. झिजेपर्यंत वापरले जावोत. मागच्या आठवड्यात बहिणीच्या सातवीच्या गणिताचे पुस्तक घेऊन तो घरी गेला. पाच महिन्यांचे किती भरून निघेल, हे आम्ही सांगू शकत नाही.

दिवाळीआधी मुकादम पुन्हा गावोगाव फिरेल आणि ओट्यावर बसून नोटा मोजील. तो येण्याआधी आमच्या प्रत्येक घरात ती वही उघडलेली असावी, आणि तिच्याभोवती घरातील मुलगी आणि मुलगा दोघेही बसलेले असावेत.