उंदराला वैद्य कोण?

आमच्या घराण्याचे आणि उंदराचे वैर जुने आहे. 'घराणे' हा शब्द येथे गायकीच्या अर्थाने घेऊ नये, साध्या अर्थानेच घ्यावा. माझे वडील संस्थान विलीन होण्यापूर्वीची अखेरची काही वर्षे येथल्या दरबारी सारंगी वाजवीत. (मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य, म्हणून हे वाक्य लिहायला आजही माणूस शिल्लक आहे.) सारंगीच्या पोटावर बकऱ्याचे कातडे असते आणि तिच्या मुख्य तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. उंदराला याहून मोठी मेजवानी ती कोणती? सारंगी खुंटीला टांगलेली असली तरी वडील रात्री दोनदा उठून पाहात. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते उंदीरजातीच्या कौतुकापोटी नव्हे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

अलीकडे मुलांसाठी घरात गिनीपिग, हॅम्स्टर किंवा पांढरे उंदीर आणण्याची रीत पडली आहे. कुत्र्याला जागा लागते, मांजर शेजाऱ्यांकडे जाते. हा प्राणी पिंजऱ्यात मावतो, भुंकत नाही आणि पाचसहाशे रुपयांत मिळतो. आईबापांना वाटते, स्वस्तात सुटलो. तो आजारी पडेपर्यंत हा समज टिकतो.

माझी धाकटी बहीण मुधोळला दिली आहे. मुधोळ म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे घोरपड्यांचे मुधोळ आणि तिथली शिकारी कुत्री उभी राहतात. ते कर्नाटकातले. त्या कुत्र्यांवर २००५ साली टपाल तिकीट निघाले, आणि लष्कराच्या मेरठच्या केंद्रातही ती दाखल झाली. बहिणीचे मुधोळ निराळे. ते गोदावरीकाठच्या बासरजवळचे. हा तालुका निजामाच्या राज्यात नांदेड जिल्ह्यात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादेत गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, राज्य बदलले, पण पुष्कळ घरांतली मराठी काही बदलली नाही. दर वसंतपंचमीला मी बासरच्या सरस्वतीला जातो, तेव्हा मुक्काम बहिणीकडे असतो. आमचे दाजी तिथल्या मराठी शाळेत शिक्षक आहेत.

भाच्याने हट्ट धरला म्हणून दाजींनी निजामाबादेहून सहाशे रुपयांचा एक गिनीपिग आणला. नाव ठेवले भुऱ्या. हा खरे तर कळपात राहणारा प्राणी, पण दुकानदाराने एकटाच विकला आणि खायला गहू, तांदूळ, बिस्कीट द्या म्हणून सांगितले. आता गिनीपिगचे दात जन्मभर वाढत असतात, पुढचेही आणि दाढाही. ते झिजतात ते सतत गवत चघळल्याने. बिस्किटाने दाढ झिजत नाही. वर्षभराने भुऱ्याने खाणे टाकले, तोंडातून लाळ गळू लागली. त्याच्या वाढलेल्या दाढा जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. समोर कोथिंबीर होती, पण गिळता येत नव्हती. या प्राण्याचे पोट एक दिवस रिकामे राहिले तरी आतडी थंडावतात आणि तो दगावू शकतो. शिवाय हे सगळे शिकार होणाऱ्यांच्या जातीचे. आजार लपवण्यात पटाईत. दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. पाळीव उंदरांच्या डोळ्यांना आणि नाकाला लाल पाणी येते, घरची माणसे रक्त समजून घाबरतात. ते रक्त नसते, पण पुष्कळदा आत छातीचा विकार मुरलेला असल्याची ती खूण असते.

गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भुऱ्याला हातात घेतले, तोंड उघडून पाहायचा यत्न केला आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्याकडची सगळी मापे म्हशीची आहेत. याला मी सुई देणार नाही. चुकीचे औषध गेले तर रात्रीत मरेल."

हे वाक्य ऐकून दाजींना राग आला होता. मला मात्र त्या माणसाविषयी आदर वाटला. कारण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी पुष्कळांना ठाऊक नसते. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डला फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना जंतू टोचले, त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार जगले, उरलेले चार मेले. आणि माणसाच्या औषधोपचाराचे एक नवे पान उघडले. तेच पेनिसिलिन गिनीपिगला दिले तर त्याच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, विषारी माजतात आणि प्राणी दगावतो. हॅम्स्टरचेही तसेच. त्या दिवशी ऑक्सफर्डच्या टेबलावर उंदरांऐवजी गिनीपिग असते तर हे औषध विष म्हणून बाजूला पडले असते, असे जाणकार म्हणतात. एक कुरतडणारा प्राणी ज्याने जगतो, त्यानेच त्याचा भाऊबंद मरतो. 'उंदीरच तो, द्या काहीतरी' म्हणणाऱ्याच्या हाती औषधाची पेटी देऊ नये ती यासाठी.

आणि इथेच मला या साऱ्या प्रकारातली विसंगती बोचते. घोड्यासाठी आपल्याकडे शालिहोत्राचे शास्त्र होते, हत्तीसाठी पालकाप्याचे. संस्थानात पागेला सलोत्री असे, हत्तीच्या आजाराची खबर महाराजांच्या कानी जाई. उंदीर गणपतीच्या पायाशी बसला, पण त्याच्या नाडीवर कोणी बोट ठेवले नाही. असे म्हणून गप्प बसता आले असते. पण गेल्या दीडशे वर्षांत चित्र उलटे झाले आहे. माणसाने स्वतःखालोखाल कोणाचे शरीर बारकाईने तपासले असेल तर ते उंदराचे आणि गिनीपिगचे. क्षयाचे जंतू कॉखने १८८२ साली सिद्ध केले ते गिनीपिगवर. स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चालते हे कळले तेही त्याच्यावर. माणसासारखेच गिनीपिगचे शरीरही क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. म्हणून १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना त्याच्यावरून स्कर्व्हीचे कोडे उलगडू लागले. दूर कशाला, मुंबईच्या प्लेगात लिस्टनसाहेबांनी प्लेग झालेल्या घरांतून गिनीपिग सोडले होते. ते आपल्या अंगावर पिसवा गोळा करीत, आणि प्लेग पिसवांवाटे पसरतो या सिद्धान्ताला त्यातून बळ मिळाले. त्या चाळींतल्या माणसांचे नातूपणतू आज आपण आहोत.

हैदराबादला तर १९५८ पासून राष्ट्रीय पोषण संस्था आहे. प्रयोगशाळांसाठी उंदीर, हॅम्स्टर, गिनीपिग निपजवण्याचे आणि सांभाळण्याचे काम तिथे वर्षानुवर्षे झाले. प्रयोगशाळेतल्या उंदरावर पशुवैद्याची देखरेख असावी असा दंडकच आहे. म्हणजे पिंजरा प्रयोगशाळेत असेल तर उंदराला डॉक्टर आहे. तोच पिंजरा मुलाच्या पलंगाखाली आला की डॉक्टर नाही. विद्या आहे, पण ती गावच्या दवाखान्यापर्यंत पोचलेली नाही. आमच्या धंद्यातही असे होते. चीज उस्तादाच्या पेटीत असते आणि बाहेर कोणी गात नाही.

भुऱ्याला शेवटी बासरहून गाडीने हैदराबादला नेले. दोनशेहून अधिक किलोमीटर, भाच्याच्या मांडीवर टोपली. तिथल्या डॉक्टरांनी तपासणीचे सहाशे, एक्स-रेचे नऊशे, भूल देऊन दाढा घासण्याचे अडीच हजार आणि औषधांचे साडेतीनशे घेतले. जाण्यायेण्याला नऊशे लागले. सव्वापाच हजार. त्यांनी आधीच सांगितले होते की, एकदा वाकडी वाढू लागलेली दाढ सुधारत नाही, हे पुन्हा पुन्हा करावे लागेल. आणि ते जमणार नसेल तर वेदना न देता त्याला निजवणे हाही मार्ग आहे, त्यात लाज नाही. दाजींनी आणखी दोन खेपा केल्या, प्रत्येकी एकोणचाळीसशेच्या. तिसऱ्या खेपेनंतर दीड महिन्याने भुऱ्या झोपेतच गेला. दाजींच्या वहीत बेरीज आहे : तेरा हजार पन्नास रुपये. खाली मूळ किंमतही लिहिली आहे, सहाशे.

घरात यावरून बोलाचाली झाली, ती लपवण्यासारखी नाही. बहीण मला म्हणाली, "दादा, सासूबाईंच्या दातांचं काम दोन वर्षं राहिलंय, आणि इथे उंदराचे दात आधी कापले." मी काय बोलणार? यावर आतल्या खोलीतून म्हातारीच म्हणाली, "मी कण्या खाऊन राहते की. त्याला कोण रांधून घालणार?" आणि खरोखर, भुऱ्याला सुईविना पिचकारीने भिजवलेल्या गवताचा लगदा आणि पेरूचा गर पाजण्याचे काम तिनेच केले होते, दिवसातून पाच वेळा.

माणसांना औषध मिळत नाही त्या देशात उंदरांचे कसले लाड, असा प्रश्न मला पत्रांतून येईल हे ठाऊक आहे. प्रश्न खोटा नाही. पण तो विचारणारे लोक म्हातारीच्या दातांसाठी पैसे काढून ठेवतातच असे माझ्या पाहण्यात नाही. शिवाय हा प्रश्न प्राणी विकत घेण्याआधी विचारायचा आहे. एकदा पिंजऱ्याची कडी आपण लावली की त्या जीवाला आपल्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा हेच सांगतो; ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची तजवीज केली पाहिजे. त्यात माणसाखेरीज प्रत्येक सजीव आला, म्हणजे उंदीरही आला. या कायद्यामागे खटपट होती ती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची. कलाक्षेत्राच्या नर्तकी, राज्यसभेत गेल्या आणि तिथे त्यांनी हे विधेयक आणले. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच झाल्या. कलावंताला जगाचे कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे नाव पाठ करावे.

डॉक्टर लुटतात, ही तक्रारही मी ऐकली. पाच मिनिटे पाहिले आणि सहाशे रुपये! शिकवणी करणाऱ्या मला हे वाक्य चांगलेच परिचयाचे आहे. एक राग तर शिकवलात, एवढी फी कसली? नखाएवढ्या तोंडात हत्यार घालायचे, मूठभर जिवाला भूल द्यायची आणि तो पुन्हा जागा होईल हे पाहायचे, यासाठी लागणारा हात म्हशीच्या हातापेक्षा स्वस्त असावा असे आपण प्राण्याच्या किमतीवरून ठरवतो. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावून घेताना तंबोरा केवढ्याला घेतला हे कारागीर विचारीत नाही. तो कान आणि वेळ यांचे पैसे घेतो.

माझा राग आहे तो विक्रीवर. प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली नियम झाले आहेत, नोंदणी सक्तीची आहे. तरी सहाशे रुपये घेऊन बिस्किटे घाला म्हणून सांगणारा दुकानदार निर्धास्त असतो. हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो, त्याला रोज गवत आणि क जीवनसत्त्व हवे, दात पाहणारा डॉक्टर सर्वांत जवळचा अमक्या गावी आहे, एवढे चार ओळींत छापून त्याने पिंजऱ्याबरोबर द्यावे. निम्मे गिऱ्हाईक परत फिरेल. फिरू द्यावे. दुसरे काम सरकारचे, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. तेलंगणाने २०१७ साली १९६२ या क्रमांकावर जनावरांचा फिरता दवाखाना सुरू केला, महाराष्ट्रातही तोच क्रमांक आहे. ती गाडी शेतकऱ्याच्या गाईसाठी आहे आणि ती गाईकडेच जावी. पण परभणी, उदगीर, राजेंद्रनगर, शिरवळ अशी पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. आठवड्यातून एक तास तिथला जाणता माणूस गावच्या डॉक्टरला फोनवर मिळाला, तर मुधोळच्या माणसाला पहिली रात्र काढण्यापुरते ज्ञान घरीच मिळेल. हैदराबादला जायचे की नाही, हे मग त्याने शांत डोक्याने ठरवावे.

दाजींनी दुसरा गिनीपिग आणला नाही. भाच्याने मागितला होता. त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, आधी आजीचे दात. ते मागच्या दिवाळीत झाले. गावच्या डॉक्टरांनी हैदराबादच्या डॉक्टरांकडून औषधांची यादी मागवून घेतली आणि दवाखान्यातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली, तेलुगूत आणि खाली मराठीत. ससे आणि गिनीपिग असे वर लिहिले आहे. पहिल्या ओळीत पेनिसिलिन आहे, आणि त्यावर तांबड्या शाईची फुली.