कुलूप आणि कुलूपवाला

“संगणक हा विज्ञानवाल्यांचा विषय, आपल्याला त्याचे काय?” असे कलाशाखेत सर्रास ऐकू येते. मला हे मान्य नाही.

आपले बँकेतले खाते किंवा रेल्वेचे तिकीट ज्या सर्व्हरवर असते, त्याची देखभाल करणारा माणूस बहुधा त्याच्याजवळ बसलेला नसतो. दूरवरूनच तो हुकूम सोडतो. पूर्वी हे काम टेलनेटवर चाले आणि पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. वाटेत कोणीही वाचावा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात अशी चोरी झाली, तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच ही प्रणाली लिहून फुकट वाटली. तिच्यात सारा मजकूर सांकेतिक लिपीत जातो. १९९९ मध्ये तिच्यातूनच निघालेली ओपनएसएसएच आज जगभर चालते, तीही विनामूल्य.

कुलूप पक्के आहे. मग २०२४ साली चोर आत शिरत होता तो कोठून? गणित फोडून नव्हे, विश्वास संपादून! ‘जिया टॅन’ असे नाव सांगणाऱ्या कोणी एकाने एक्सझेड नावाच्या एका साध्या उपकरण-संचाला दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे मदत केली, त्याच्या कारभारात वाटा मिळवला, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. काही लिनक्स प्रणालींत एसएसएचचा या संचाशी आडवळणाने संबंध येतो, तेवढे त्याला पुरेसे होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या चाचणीच्या यंत्रावर प्रवेश मिळायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी हे उघडकीस आले. अर्धा सेकंद! आपण एस.टी.ची वाट पाहण्यात अर्धा तास घालवतो आणि कारण विचारीत नाही.

ज्या कंपन्या या फुकट कुलपांवर कोट्यवधी मिळवतात, त्यांनी कुलूपवाल्याला पगार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि माणसाचा स्वभाव, लोभ, थकवा यांचा अभ्यास करणाऱ्या आपण हा विषय परका मानू नये. एक्सझेड सांभाळणाऱ्या मूळ गृहस्थाने २०२२ मध्येच जाहीर लिहिले होते की, आपली मनःस्थिती ठीक नाही आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे. अनोळखी नावांनी तेव्हा त्याला दिरंगाईबद्दल टोचून घेतले. मदतीला पुढे आला तो हा जिया टॅन.