विहिरीचें पाणी कोणाचें?

शेताला बांध असतो. भूगर्भांतील पाण्याला तो ठाऊक नसतो. तथापि १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यानें जमिनीखालचें पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकास दिला. परिणामीं एकाची विंधणविहीर खोल गेली, कीं शेजाऱ्याची विहीर आटते. महाराष्ट्रांत १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास मनाई केली. २००९ च्या कायद्यानें ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातला. हें सरकारचें अतिक्रमण होय, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. कूप खणणें हें आपल्या शास्त्रांत पूर्तकर्म, म्हणजे लोकोपकाराचें कृत्य, मानिलें आहे. शेजाऱ्याची घागर रिती करणाऱ्या कूपास तें पुण्य कसें लाभावें? कायद्याचा पहारा प्रत्येक शेतावर बसणें शक्य नाहीं. म्हणून घरच्या कर्त्या पुरुषानें नवी विंधणविहीर घेण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या विहिरींत एकदां डोकावून पाहावें.