कॉपीतलं भोक

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

कळंब रोडला ओळखीच्या एका मिस्त्रीमामांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रील, पत्र्याचं शेड, जे येईल ते काम. पण जून उजाडला की दुकानापुढं सायकल कोळप्यांची रांग लागते. जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्याला दांडी, मागं पास. सोयाबीन-उडदात एकटा माणूस ढकलत जातो. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला सांगायची गरज नाही.

मामांच्या कोळप्यात एक वेगळी गोष्ट आहे. दांडी वर-खाली करायला पाना लागत नाही. एक पिन उपसायची, पाहिजे त्या भोकात बसवायची, झालं. मामी उंचीनं कमी, उंच दांडीनं त्यांचे खांदे भरून यायचे, म्हणून मामांनी ही सोय केली. मग गावातल्या सगळ्या बाया तसंच मागायला लागल्या.

गेल्या आठवड्यात मामांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या जिल्ह्यातला कुणी कारखानदार, चकचकीत रंगाचं कोळपं, त्यावर स्टिकर, "आमचे खास संशोधन" म्हणून बोलणारा माणूस. दांडी तीच, पिन तीच. मी म्हणलं, "मामा, असं कुणालाही सुचू शकतं की." मामा म्हणले, "थांब. दांडीच्या डाव्या बाजूला बघ."

बघितलं. सरळ रेषेत सहा भोकं आणि एक भोक रेषा सोडून बाजूला. त्यात पिन जातच नाही. मामांनी पहिला नमुना करताना घाईत ड्रिल सरकलं होतं. मग त्याच नमुन्यावरून पुढची सगळी कोळपी मापं घेऊन बनत गेली आणि ते चुकलेलं भोकही चालत राहिलं. त्या कारखानदाराच्या 'खास संशोधना'लाही डाव्या बाजूला तेच भोक! चूक पण कॉपी केली पठ्ठ्यानं.

मी चिडलो. मामा हसत होते. मी विचारलं, "पण मामा, कोळपं तरी तुमचं कुठंय?" ते म्हणले, "माझं नाहीच. बार्शीच्या बाजारात बघितलं, घरी येऊन बनवलं. पिन तेवढी माझी."

हे वाक्य आठ दिवस डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट.

आपल्याकडं 'कॉपी' म्हणलं की एकदम चोरी असं तोंडातून निघतं. पण गाड्यांच्या धंद्याचा इतिहास बघा. आमच्या घरी आधी लुना होती, मग एम-८० आली. वडील तिच्यावर दुधाच्या दोन कॅनी बांधून डेअरीला जायचे. लुना ही पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकची, १९७२ ची. अस्सल मराठी वाटते ना? मुळात ती इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवरून, परवाना घेऊन बनवलेली. लुना चालली म्हणल्यावर बजाजनं एम-५० आणि मग एम-८० काढली. तिकडं होसूरहून टीव्हीएस-५० आली. तिघांची अशी जुंपली की गावात मास्तर, दूधवाला, पोस्टमन, तिघांकडं तीन कंपन्यांच्या गाड्या आणि पारावर कुणाची चांगली यावर भांडणं. एकानं मागं कॅरियर मोठं केलं की दुसऱ्याचं मोठं झालंच.

बजाजची गोष्ट तर याहून भारी आहे. १९६० च्या सुमारास त्यांनी याच पियाजिओकडून परवाना घेऊन पुण्यात व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. मुंबईत एपीआय कंपनी व्हेस्पाची वैरीण लॅम्ब्रेटा बनवत होती. म्हणजे इटलीतलं भांडण मुंबई-पुण्यात! १९७१ ला पियाजिओबरोबरचा करार संपला. बजाजनं स्कूटर बनवणं थांबवलं नाही. १९७२ ला चेतक आणली, नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. दिसायला जवळपास तीच व्हेस्पा. पुढं इथल्या स्कूटर परदेशात जायला लागल्या तेव्हा पियाजिओनं अमेरिका, जर्मनीत बजाजवर दावे ठोकले. नक्कल केली म्हणून.

आता खरं सांगा, चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या आपल्या काका-मामांना यातलं काय माहीत होतं? त्यांना ती 'आपली' गाडी वाटायची आणि ती आपली झालीही. वाळूजला १९८५ ला बजाजचा कारखाना सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातनं किती पोरं आयटीआय करून तिकडं गेली, हे वाशी-भूम-परंड्याच्या कुठल्याही गावात विचारा. त्या पगारावर इथं बहिणींची लग्नं झाली, विहिरी खोदल्या गेल्या.

म्हणजे नकलेतनं हे सगळं उभं राहिलं का? अर्धं उत्तर हो. उरलेलं अर्धं २००७ ला कळलं.

तोवर स्कूटरचे दिवस गेले होते. हिरो होंडानं मोटारसायकलवर सगळ्यांना मागं टाकलं होतं, आणि बजाजनं २००१ ला पल्सर काढून पुन्हा अंग धरलं होतं. पल्सरच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, त्याला नाव डीटीएस-आय. पेट्रोल दोन बाजूंनी पेटलं की नीट जळतं, असा साधा हिशोब. बजाजनं त्याचा पेटंट अर्ज २००२ ला केला, पेटंट २००५ ला मिळालं. २००७ ला टीव्हीएसनं १२५ सीसीची फ्लेम जाहीर केली. तिच्यातही दोन प्लग. झालं! बजाज कोर्टात. जी कंपनी कधीकाळी नकलेसाठी कोर्टात ओढली गेली होती, तीच आता दुसऱ्याला नक्कल केली म्हणून ओढत होती.

टीव्हीएसचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, तुमच्यात दोन. आमचं तंत्र ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीकडचं. आणि दोन प्लगची कल्पना जगात जुनीच, तुमची कुठली? फेब्रुवारी २००८ ला मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूनं मनाई दिली. टीव्हीएसला फ्लेम एकाच प्लगवर बाजारात आणावी लागली. मे २००९ ला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं ती मनाई उठवली. मग सुप्रीम कोर्ट. तिथं सप्टेंबर २००९ ला सांगितलं की टीव्हीएसनं गाडी विकावी, पण हिशोब ठेवावा आणि मूळ खटला रोजच्या रोज चालवून लवकर संपवा. लवकर म्हणजे किती? दोन्ही कंपन्यांनी २०१९ ला आपसात मिटवलं. बारा वर्षं. तोवर फ्लेम बाजारातनं कधीच विझली होती.

या खटल्यात कोण खरं, कोण खोटं, यात मला फार रस नाही. मला ते २००२ चं वर्ष महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या आराखड्यावर गाडी काढणाऱ्या कंपनीकडं तीस वर्षांनी स्वतःचं असं काहीतरी होतं, ते कागदावर होतं आणि त्यासाठी भांडायची ताकद होती. सुरुवात व्हेस्पाची, पण पुढं पिन तेवढी बजाजची. मामांचीच गोष्ट की ही. फरक कागदाचा.

आणि ज्या पियाजिओनं दावे ठोकले, तिचाच कारखाना आज बारामतीत आहे. आपल्याकडं प्रवासी भरून फिरणारी आपे रिक्षा तिथली, आणि २०१२ पासून व्हेस्पाही तिथंच बनते. बारामतीची व्हेस्पा आणि पुण्याची विजेवर चालणारी चेतक आता एकाच रस्त्यावर दिसतात.

कुणी म्हणेल, या सगळ्या पैशेवाल्यांच्या गोष्टी. कळंब रोडच्या मिस्त्रीला त्याचं काय? म्हणून अजून एक गोष्ट सांगतो. ती बर्फाची आहे, आपल्या उन्हात थोडी गंमतच.

कॅनडात क्यूबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं छोटं गाव. तिथं जोसेफ-आर्मंड बोंबार्डिए नावाचा गॅरेजवाला होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फानं रस्ते बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मूल गेलं. बर्फावर चालणारी गाडी करायचं वेड त्याला आधीपासून होतं, त्यानंतर तो थांबला नाही. बर्फावर पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाची रचना त्यानं केली आणि १९३७ ला तिचं पेटंट घेतलं. गॅरेजवाल्यानं! पुढं १९५९ ला त्याच्या कंपनीनं 'स्की-डू' ही बर्फावरची छोटी स्कूटर काढली, आणि दहा-बारा वर्षांत शंभरावर कंपन्या तसलीच गाडी बनवायला लागल्या. नुसता रंग बदललेल्याही त्यात होत्या. त्यातल्या आज हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याही उरल्या नाहीत. जपानची यामाहासुद्धा २०२३ ला आता बास म्हणाली. ज्या टिकल्या त्या अमेरिका-कॅनडाच्या कोर्टात एकमेकींवर पेटंटचे दावे लावत टिकल्या. स्की-डू अजून आहे आणि व्हॅलकोर्टलाच बनते.

कॅनडा लांब पडतं? गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात या. मनसुखभाई जगाणी नावाच्या कारागिरानं दुष्काळात बैल परवडेनात म्हणून बुलेट मोटारसायकलच्या मागं अवजार जोडून 'बुलेट सांती' केली. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं हात दिला आणि अमेरिकेचंही पेटंट मिळालं. शिक्षण जेमतेम. आपल्यासारखाच दुष्काळी भाग.

आता आपल्याकडं बघू. आपल्या जिल्ह्यात उमरग्यापासून परंड्यापर्यंत प्रत्येक तालुक्याला पेरणी यंत्र, कोळपं, फवारणीची गाडी यात काहीतरी नवीन करणारा एक तरी मिस्त्री आहे. करतो आणि त्याच संध्याकाळी पुतण्या त्याचा व्हिडिओ टाकतो. लाईक येतात, 'वा मामा' येतं. आणि कायद्यानं तिथंच खेळ संपतो. अर्ज करायच्या आधी गोष्ट लोकांना दाखवली, विकली, की तिचं नवेपण गेलं, आणि नवेपण गेलं की पेटंट नाही. मामांची पिन दोन हंगाम विकून झाली होती. आता तिच्यासाठी काही करता येत नाही.

नुसत्या पिनेला पेटंट मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. तपासणीवाले विचारतात की यात त्या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचलं नसतं असं काय आहे. पण विचारायला तरी कुणीतरी जायला हवं होतं. एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे, तपासणीची ४०००. नुसत्या आकार-रूपाची डिझाईन नोंदणी १००० रुपयांत होते. वकील-एजंट लावला तर खर्च वाढतो, हे खरंय. तरी गावच्या जत्रेत एका फ्लेक्सला किती जातात ते आठवा.

मग अडतं कुठं? लिहिण्यात आणि ड्रॉइंगमध्ये. मामांना वेल्डिंग येतं, पेटंटचा मसुदा येत नाही. आणि ज्यांना ड्रॉइंग येतं ती पोरं इथंच आहेत. शासकीय तंत्रनिकेतन आहे, तेरणा अभियांत्रिकी आहे, तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. शेवटच्या वर्षाला पोरं प्रोजेक्ट करतात. किती जण तो पुण्याहून रेडिमेड विकत आणतात हे मी इथं लिहीत नाही, पालकही पोस्ट वाचतात. तोच प्रोजेक्ट एका मिस्त्रीच्या दुकानात बसून केला, त्याच्या यंत्राचं नीट ड्रॉइंग काढलं, अर्ज भरला, तर पोराचे मार्क होतात आणि मामांचं नाव कागदावर येतं. आपले लोकप्रतिनिधी कौडगाव एमआयडीसीत मोठा कारखाना आणायच्या घोषणा करतात, करोत. पण जिल्हा उद्योग केंद्रात महिन्यातनं एक दिवस पेटंट-डिझाईनची माहिती देणारा माणूस बसवायला कुठल्या कंपनीची वाट बघायची आहे?

याला उलटी बाजूही आहे, तीही सांगतो. उद्या मामांनी पेटंट घेतलं आणि बार्शीवाल्यानंही घेतलं असतं तर? मग मामांना पहिलं कोळपं बनवताच आलं नसतं. शेतकऱ्याला स्वस्तात अवजार मिळतं ते या बघून-बनवण्यामुळंच. म्हणून प्रत्येक नटबोल्टवर हक्क सांगावा, असं मला वाटत नाही. बघून बनवा, खुशाल बनवा. पण स्वतःचं काही न घालता वर 'आमचे खास संशोधन' असं स्टिकर लावायचं आणि मूळ करणाऱ्याचं नावही घ्यायचं नाही, याचा राग येतो. मामांना येत नाही, मला येतो.

असो. मामांचं नवीन यंत्र तयार आहे. कशाचं ते सांगणार नाही, गोणपाटाखाली झाकून ठेवलंय. पुतण्याला व्हिडिओ काढायला बंदी आहे. शनिवारी मी वही-टेप घेऊन मापं लिहायला जाणार आहे, पण ड्रॉइंग मला येत नाही. मेकॅनिकलला असलेलं, गप्प राहू शकणारं कुणाचं पोरगं-पोरगी असेल तर इनबॉक्सला कळवा. मानधन नाही. चहा आणि मामींच्या हातची शेंगाचटणी-भाकरी मिळेल.

आणि हो, या वेळी मामांनी दोन भोकं मुद्दाम चुकीच्या जागी पाडलीत.