विश्लेषण : काम करता येत नाही, पण दिव्यांगत्व ३५ टक्के, सरकारी मदत मिळते का?

मणक्याला इजा झालेला एखादा टेम्पोचालक गाडी चालवू शकत नाही आणि ओझेही उचलू शकत नाही. पण त्याच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ३५ टक्के लिहिले असेल, तर दिव्यांग म्हणून मिळणारे मासिक अर्थसाहाय्य त्याला मिळत नाही. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ पासून हे साहाय्य दीड हजारावरून अडीच हजार रुपये केले. रक्कम वाढली, पण पात्रतेची मोजपट्टी तीच राहिली. शरीराची हानी किती, हे त्या मोजपट्टीवर कळते. रोजगार किती बुडाला, हे कळत नाही.

४० टक्क्यांचा निकष कुठून आला?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. अंधत्व, कर्णबधिरता, अस्थिव्यंग यांबरोबर मानसिक आजार, पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचाही त्यात समावेश आहे. यांपैकी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर बहुतेक योजना आणि आरक्षणाचा लाभ मिळतो. हे प्रमाण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वैद्यकीय अधिकारी किंवा मंडळ ठरवते. सांधा किती वळतो, स्नायूंत ताकद किती, नजर किती, असे हे मोजमाप असते. अर्जदार शेतमजूर आहे की लिपिक, याचा त्यात विचार होत नाही.

‘यूडीआयडी’ कार्डाचा रंगही या टक्केवारीवर ठरतो. ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरे, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळे आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास निळे कार्ड मिळते.

राज्यात कोणती मदत मिळते?

मुख्य आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आहे. दिव्यांग प्रवर्गासाठी प्रमुख अटी अशा :

– वय ६५ वर्षांपेक्षा कमी
– किमान ४० टक्के दिव्यांगत्व
– महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य
– कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत

८० टक्के किंवा अधिक अथवा बहुदिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील १८ ते ७९ वयोगटातील व्यक्तींसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. त्यात केंद्राचा वाटा दरमहा फक्त ३०० रुपये आहे. तो २०१२ पासून वाढलेला नाही. उरलेली रक्कम राज्य भरते.

आजारपणामुळे काम सुटले, तर?

संजय गांधी योजनेत आणखी एक प्रवर्ग आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना त्यात अर्ज करता येतो. येथे टक्केवारीची अट नाही, पण वैद्यकीय दाखला लागतो. कमावता येते का, हा प्रश्न विचारणारा हा प्रवर्ग आहे.

अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे. या प्रवर्गासाठी वार्षिक मर्यादा २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. घरात एक जण रोजंदारीवर जात असला, तरी ती ओलांडली जाते. शिवाय अडीच हजारांची वाढ दिव्यांगांसाठी आहे. या प्रवर्गाला दीड हजारच मिळतात.

नोकरीत असताना अपघात झाला, तर?

येथे कायदा वेगळा विचार करतो. ‘ईएसआय’ विमा असलेल्या कामगाराला कामावर इजा होऊन कायमचे अपंगत्व आले, तर वैद्यकीय मंडळ कमावण्याची क्षमता किती घटली ते ठरवते. क्षमता पूर्ण गेली असेल, तर सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम दरमहा, हयातभर मिळते. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट नाही. एक महिन्याचे अंशदानही पुरते.

या विचाराला जुना न्यायालयीन आधार आहे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेल्याचे मानले. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते.

पण हे संरक्षण नोकरदारांपुरते आहे. नाका कामगार, घरकामगार, स्वतःची गाडी चालवणारे यांना पुन्हा ४० टक्क्यांकडेच यावे लागते.

अर्ज कसा करायचा?

– आधी केंद्राच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर नोंदणी करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र व ‘यूडीआयडी’ कार्ड मिळवावे.
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा तयार ठेवावा.
– तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रातून अर्ज करावा आणि पोच घ्यावी.
– बँक खाते आधारशी जोडलेले असावे. अनुदान थेट खात्यात जमा होते.
– मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

प्रमाणपत्रावरील टक्केवारी मान्य नसेल, तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. ३८ किंवा ३९ टक्क्यांवर अडकलेल्यांसाठी हा मार्ग महत्त्वाचा आहे.

अडीच हजार पुरेसे आहेत का?

जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे केलेल्या उपोषणात दिव्यांगांना दरमहा सहा हजार रुपये द्या, ही एक मागणी होती. आंध्र प्रदेशने २०२४ मध्येच दिव्यांगांचे निवृत्तिवेतन सहा हजार केले. अंथरुणाला खिळलेल्यांना तेथे १५ हजार, तर मूत्रपिंडाच्या गंभीर विकारासारख्या काही आजारांत दहा हजार रुपये मिळतात. मूत्रपिंडविकार २१ दिव्यांगत्वांच्या यादीत नाही, तरी त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र गट केला.

२०१६ च्या कायद्यातील कलम २४ नुसार दिव्यांगांना अशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य द्यायला हवे. दीड हजारावर हिशेब केल्यास ती रक्कम १,८७५ रुपये होते. अडीच हजारांमुळे महाराष्ट्राने ती रेषा आता ओलांडली आहे. मात्र ३५ टक्के दिव्यांगत्व असलेल्या टेम्पोचालकाच्या हाती त्यातले काहीही पडत नाही. त्याच्यासाठी रक्कम पुन्हा वाढली काय आणि न वाढली काय, सारखेच. दुर्धर आजाराच्या प्रवर्गात विचारला जाणारा ‘कमावता येते का’ हा प्रश्न दिव्यांगांच्या प्रवर्गातही विचारला गेला, तरच त्याची दखल घेतली जाईल.